डोंगरावरच्या कॉलेजची पहिली उचल

बारावीच्या त्या उन्हाळ्यात मी दोन ठिकाणी राहत होते. एक आष्ट्याला, आमच्या घरी, आणि दुसरं पाचगणीच्या अलीकडे, डोंगरावरच्या एका खाजगी कॉलेजच्या वसतिगृहात. दुसऱ्या ठिकाणी मी अजून पाऊलही ठेवलं नव्हतं, पण त्यानं काही अडत नव्हतं. माझी खोली पहिल्या मजल्यावर होती, खिडकी पूर्वेला होती आणि खिडकीबाहेर सिल्व्हर ओकची रांग होती. टेबलावर काय ठेवायचं, कपाटाचा कुठला खण पुस्तकांना द्यायचा, हे सगळं ठरलेलं होतं. खोलीत दुसरी एक मुलगी होती, तिचा चेहरा मला नीट दिसत नसे, पण ती फार बोलायची नाही हे बरं होतं. आई दळणाचा डबा घेऊन गिरणीत जा म्हणून हाका मारायची आणि मी त्या खिडकीत बसलेली असायची.

"हिचं ध्यान कुठं असतंय कुणास ठावं," असं आई शेजारच्या बायकांना सांगायची. ध्यान कुठं असतंय ते मला चांगलं ठाऊक होतं.

त्या कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. त्याचा पत्ता मला सांगलीच्या विश्रामबागेत लागला. मी तिथल्या ज्युनिअर कॉलेजला रोज आष्ट्याहून एसटीनं जायची. एका सकाळी ग्रंथालयाच्या फलकावर एक रंगीत कागद लावलेला दिसला. डोंगर, नद्या आणि जमीन यांचा चार वर्षांचा अभ्यास, आणि खाली डोंगराचा फोटो. माझ्या वर्गातल्या मुली डॉक्टरकीच्या नाहीतर इंजिनिअरिंगच्या मागे होत्या. त्या कागदापुढे उभं राहायला कुणाला वेळ नव्हता. मी मात्र इतका वेळ उभी राहिले की पहिला तास बुडाला.

नदीचं वेड मला लहानपणापासूनचं. आमचं रान कृष्णेच्या अंगाला आहे आणि तिथं नदी चांगलं मोठं वळण घेते. बांधावर बसलं की पाणी येताना दिसतं आणि जाताना दिसत नाही. ही सरळ का जात नाही, असं मी सातवीत बाईंना विचारलं होतं. "पेपरला येणार नाही ते," असं म्हणून बाईंनी फळा पुसला. त्या बाईंवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

मग मी नकाशा काढून बघितला, तर कृष्णेचा उगम त्या कॉलेजच्या डोंगरापासून अगदी जवळ. म्हणजे आमच्या उसाला मिळणारं पाणी तिथून उतरून, वाई, कराड करत आमच्या रानापर्यंत आलेलं. पाणी खाली आलंय, आता आपण वर जायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. माणूस सतरा वर्षांचं असलं की असल्या गोष्टी फार पटतात.

त्यांची प्रवेश परीक्षा झाली. मुलाखत मोबाईलवर झाली, तीही गच्चीत पाण्याच्या टाकीला टेकून, कारण घरात रेंज यायची नाही. निवड झाल्याचा निरोप आला तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गल्लीत साखर वाटली. मग फीचा आकडा आला. आईनं तो वाचला, चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत वाचला. आकडा तोच होता.

पण ज्यांना झेपत नाही त्यांना कॉलेज मदत करतं, असं त्यांनीच लिहिलं होतं. उत्पन्नाचा दाखला मागितला, जमिनीचा सातबारा मागितला. आम्ही सगळं दिलं आणि निर्धास्त झालो. मन नव्हतं तरी पुण्यातल्या एका खाजगी कॉलेजलाही अर्ज केला होता. त्यांचं उत्तर आधी आलं. त्यात माझं कौतुक इतकं होतं आणि पैसे इतके कमी होते, की आप्पा म्हणाले, "एवढ्यात पोरगी पुण्याला जाऊन यील. ऱ्हायची न्हाई." ते पत्र आम्ही हसण्यावारी नेलं. आमचा जीव डोंगरावर होता.

डोंगराचं उत्तर मी विश्रामबागेच्या स्टॉपवर उभ्या उभ्या वाचलं. फीमधला अर्ध्याहून कमी भाग ते देणार होते. उरलेली फी, राहणं, जेवण सगळं आमच्यावर. आष्ट्याची गाडी समोर येऊन उभी राहिली, भरली आणि निघून गेली, आणि मी आपली फोनकडे बघत तिथंच. माझ्या खोलीची खिडकी कुणीतरी बाहेरून लावून घेतल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी मी सगळं आप्पांना वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ते गप्प होतील. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "ठीक हाय की. ही पहिली उचल."

उसाच्या मुलखात न राहिलेल्यांसाठी एवढं सांगायला हवं. ऊस कारखान्याला गेला की पैसे एकदम मिळत नाहीत. आधी कारखाना पहिली उचल जाहीर करतो. ती कधीच पुरेशी नसते. शेतकरी कुरकुरतात, सभा होतात, कुठं गाड्या अडतात, मग कारखाना थोडं वाढवतो. पुढं दुसरा हप्ता येतो. दिवाळीच्या तोंडावर उरलेला फरक येतो. पहिल्याच आकड्याला जो खुशीत मान हलवतो त्याला आमच्याकडे शहाणा म्हणत नाहीत. आमच्या घरातली माझी सायकल दुसऱ्या हप्त्याची होती आणि आईच्या पाटल्या दिवाळीच्या फरकाच्या. लग्नाच्या तारखासुद्धा लोक ह्याच हिशेबानं धरतात.

तेव्हा आप्पांचं म्हणणं असं की एवढं मोठं कॉलेज पहिल्या फटक्यात खरा आकडा सांगेलच कशाला? त्यांनी आधी कमी सांगायचं, आपण गप्प बसायचं, मग ते वाढवणार.

"तू काय उत्तर पाठवू नगंस," ते मला म्हणाले. "व्हय न्हाई, न्हाई न्हाई. गप ऱ्हायाचं."

हसू नका. मला ते पटलं. अर्थशास्त्रात मला चांगले गुण होते आणि तरी मला ते पटलं. लहानपणापासून जे बघितलं त्याच्यापुढं पुस्तक कुठं टिकतं? आणि खरं सांगायचं तर मला पटवून घ्यायचंच होतं. त्या रात्री माझी खिडकी परत उघडली.

आईला मात्र ते रुचलं नव्हतं. ती आप्पांना म्हणाली, "आवं, ते काय कारखान्यावानी असतंय व्हय? एक फोन करून इचारा तर."

"इचारलं की भाव पडतो," आप्पा म्हणाले.

कर्जाचंही आईनं एकदा काढून बघितलं. पण जमीन आप्पांच्या आणि तीन काकांच्या नावावर सामाईक, बँकेला चौघांच्या सह्या लागणार, आणि आमच्याकडे चार भाऊ एका लग्नपत्रिकेवर जेमतेम एकत्र येतात. तो विषय तिथंच मिटला.

मग सुरू झाले ते दिवस. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुंदर दिवस होते, असं म्हणायला मला आजही संकोच वाटत नाही. परीक्षा संपली होती. आमच्या रानातला ऊस तुटून गेला होता आणि एरवी उसाआड असणारी नदी घरच्या गच्चीवरून बारीक दिसत होती. दुपारी सगळं गाव झोपलं की मी गच्चीच्या दाराच्या सावलीत बसून डोंगरावर जायची. तिथं मी वर्गात बसायची, जेवणघरात ताट घेऊन रांगेत उभी राहायची, पावसाळ्यात धुक्यातून छत्री घेऊन ग्रंथालयाकडे चालायची. एकदा तर मला तिथं ताप आला आणि त्या न बोलणाऱ्या मुलीनं मला पेज करून दिली. खालून आई हाक मारायची तेव्हा मला क्षणभर कळायचं नाही की ही इथं कशी आली.

मधून मधून कॉलेजचे मेल यायचे. आपण अजून कळवलेलं नाही, कृपया कळवावं. मी आप्पांना वाचून दाखवायची आणि त्यांचा चेहरा खुलायचा.

"बघ, तेच मागं लागल्यात. गरज कुणाला हाय? त्यास्नी."

आमच्या शेजारी एक निवृत्त फौजी राहतात. फौजेतून आलेल्या माणसाला आमच्याकडे सगळे मेजर म्हणतात, हुद्दा कुठलाही असो, तसे तेही मेजर. रोज संध्याकाळी ते आमच्या कट्ट्यावर येऊन बसायचे आणि डोंगरावरच्या परिस्थितीचा आढावा घ्यायचे.

"अजून वाढवलं न्हाई व्हय?" ते विचारायचे. "मग गड्या, मोर्चा न्यावा लागतोय. गाडी अडवायची."

"कॉलेजची गाडी कुठली अडवतोस रं?" आप्पा म्हणायचे.

"बस असंल की पोरांची."

दोघं पोट धरून हसायचे. मीही हसायची. शेवटची मुदत जवळ आली तरी डोंगर काही हलला नाही, तेव्हा मात्र आप्पांनी हसणं थांबवलं आणि मेजरना जीप काढायला सांगितलं. समोरासमोर बसलं की दर वाढतो, यावर दोघांचं एकमत होतं.

आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. पेठ नाक्याला हायवेला लागलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. मी मागच्या सीटवर काचेला डोकं टेकून बसले होते. कराड गेलं, उंब्रज गेलं, उजव्या हाताला कृष्णा मधूनच दिसायची आणि झाडांत शिरायची. आम्ही तिच्या उलट्या दिशेनं चाललो होतो. मला ते इतकं आवडलं होतं की पुढे दोघं काय बोलत होते त्याकडे माझं लक्षच नव्हतं. साताऱ्यात चहाला थांबलो. मैदानाकडून भरतीची तयारी करणारी पोरं घामाघूम होऊन पळत येत होती, मेजर त्यांच्याकडे बघत राहिले आणि त्यांचा चहा निवला. आप्पांनी कंदी पेढ्यांचा मोठा पुडा घेतला. बोलणी झाल्यावर तोंड गोड करायला असू द्यावा म्हणाले.

सुरूरला वळलो, वाई मागे पडली आणि पसरणीचा घाट लागला. जसजसं वर गेलो तसा वारा गार होत गेला. आणि मग ते कॉलेज आलं, आणि मी हातानं तोंड दाबून धरलं, कारण सिल्व्हर ओक खरंच होते. माझ्या कल्पनेतल्यापेक्षा उंच होते. दारावरचा पहारेकरी कोरेगावकडचा, फौजेतलाच निघाला. मेजरांनी आपली पलटण सांगितल्यावर त्यानं रजिस्टर बाजूला सारून आम्हाला सोडलं.

मदतीच्या कचेरीपाशी पोचल्यावर आप्पांनी मला बाहेर थांबायला सांगितलं.

"का? प्रवेश माझा हाय," मी म्हणाले.

"म्हणून तर. दराचं बोलणं चाललेलं असताना तू समोर नगो. तुझ्या तोंडावर सगळं दिसतंय."

हे खरंच होतं. मला काही लपवता येत नाही. ते दोघं टोपी सारखी करून, पेढ्यांचा पुडा घेऊन आत गेले आणि मी झाडांखालून चालायला लागले.

पुढचं सगळं मला फार मऊ उजेडात आठवतं. ऊन होतं पण लागत नव्हतं. पायाखाली पानं वाजत होती. माझ्याच वयाच्या मुली दप्तरं घेऊन एका लांब बैठ्या इमारतीकडे चालल्या होत्या आणि मी त्यांच्या मागे गेले. कुणी मला अडवलं नाही. त्या वर्गात शिरल्या, मीही शिरले. शेवटून दुसऱ्या बाकावर जागा होती. शेजारच्या मुलीनं दप्तर उचलून मला जागा करून दिली. तिनं मला विचारलंसुद्धा नाही की तू कोण.

एक वयस्कर सर आले. बहुतेक बंगाली असावेत, इंग्रजीत शिकवत होते. त्यांनी फळ्यावर एक वळणाची नदी काढली. माझ्या अंगावर काटा आला, कारण ती आमचीच होती. आमच्या रानाजवळचं ते वळण, तसंच्या तसं. आता सगळ्या नद्या अशाच वळतात हे मला कळतं, पण तेव्हा मला वाटलं ह्या माणसानं आमचा बांध बघितलाय.

वळणावर पाणी कुठल्या बाजूला जास्त वेगानं वाहतं, आतल्या की बाहेरच्या, असं त्यांनी विचारलं. वर्गावर नजर फिरवली आणि ती नेमकी माझ्यावर येऊन थांबली. मी उभी राहिले. इंग्रजी सुचेना. मी मराठीत म्हणाले, "आतल्या. तिकडून वाट जवळची आहे."

शेजारच्या मुलीनं ते त्यांना इंग्रजीत सांगितलं. उत्तर चुकलं होतं. हे मला पुढं कळलं, पण वर्गात कुणी हसलं नाही. सर म्हणाले, वाट जवळची आहे हे अगदी बरोबर. मग मला सांग, वाळू कुठल्या बाजूला साठते?

आतल्या. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, आम्ही त्याच वाळूत खेळलो होतो. मी ते सांगितलं. मग वाळू थांबते कुठं, पाणी पळतं तिथं की रेंगाळतं तिथं, असं ते म्हणाले, आणि मला उभं ठेवूनच वर्गाशी बोलायला लागले. एक मुलगा म्हणाला, तिचं म्हणणं मला पण आधी बरोबर वाटलं होतं. दुसरी कुणी म्हणाली, धावताना वळलं की आपणही बाहेर फेकले जातो. माझ्या चुकलेल्या उत्तरावर सगळा वर्ग कितीतरी वेळ बोलत होता, आणि मी तिथं उभी होते, आणि हळूहळू माझ्याच डोक्यात ते पाणी वळायला लागलं. बाहेरच्या काठाला धडकणारं, काठ खाणारं पाणी. आतल्या बाजूला दमून वाळू टाकणारं पाणी. म्हणून वळण दर वर्षी मोठं होत जातं. म्हणून ती सरळ जात नाही.

मला आनंदानं रडू येत होतं. सांगलीला क्लासात चुकलं की गुण कापायचे. इथं चुकलं की तास रंगायचा. मला जे हवं होतं ते हेच होतं, हे मला त्या बाकाशी उभं असताना कळलं. खिडकी, टेबल, धुकं ही नुसती सजावट होती.

तास संपला. मी कचेरीकडे आले तेव्हा आप्पा आणि मेजर जीपजवळ उभे होते. पुडा सुटलेला होता. मेजर म्हणाले, "आत एक पोरगी बसती. घ्यायला परवानगी न्हाई म्हणली. मग आप्पांचं मन मोडायला नगो म्हणून एक पेढा घेतला, आमच्या म्होरंच खाल्ला." आप्पा जीपमध्ये बसले.

पुढचं आधीच सांगून टाकते. मी त्या कॉलेजात गेले नाही. विश्रामबागेतच पदवी केली, भूगोल घेऊन, आणि बरी केली. आता सांगलीत एका लहानशा संस्थेत नदीच्या पातळीच्या नोंदींचं काम करते. पावसाळ्यात आम्हाला जेवायला फुरसत नसते. नवऱ्याला मी त्या तासाबद्दल सांगितलंय. एक तास कॉलेज केलेली बायको, असं तो मला चिडवतो. मी बरी आहे, माझ्याबद्दल कुणी हळहळू नये. पण त्या दिवशी घाटात जे झालं ते सांगायचं राहिलंय, आणि खरं तर तेवढ्यासाठीच मी लिहायला बसले.

घाट निम्मा उतरल्यावर आप्पांनी मेजरना गाडी बाजूला घ्यायला सांगितली. खाली धोम धरणाचं पाणी दिसत होतं. आप्पा उतरले, मीही उतरले. मेजर आत बसून राहिले, पण काच उघडी होती.

"ती पोरगी लय चांगली हाय," आप्पा म्हणाले. "काका काका म्हणून बोलली. म्हणली, आमच्यात पहिली दुसरी उचल नसती. एकदाच ठरतंय."

"मग?"

"आपला सातबारा चौघांचा. त्यांनी सगळी जमीन माझी एकट्याची धरली. आपून लय मोठं बागायतदार दिसलो त्यास्नी." त्यांनी टोपी काढली. "पत्र आल्यावर पंधरा दिसाच्या आत परत अर्ज करता येत हुता. तसं कळवलं असतं तर वाढवून दिलं असतं म्हणली. आता पैसं वाटून झाल्यात."

ते पंधरा दिवस मी गच्चीवर बसून काढले होते.

"मी थांब म्हणलो म्हणून तू थांबलीस," आप्पा म्हणाले. "चूक माझी हाय. आन् आता एवढं भरायला मला जमत न्हाई, बाळ."

जमत न्हाई हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. महापुरात रानात कमरेएवढं पाणी होतं तेव्हासुद्धा ते बघू म्हणाले होते. मला प्रचंड राग आला. त्यांचा आला, कारखान्याचा आला, ते मेल हसत हसत वाचून दाखवणाऱ्या माझा आला. आणि त्याच वेळी त्यांच्याकडे बघवत नव्हतं, कारण टोपी त्यांनी हातात घेतली होती आणि घाटातल्या वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस उडत होते.

मेजरना ते सोसलं नाही. खिडकीतून ते म्हणाले, "आवं आप्पा, जाऊ द्या. सांगलीला काय कमी हाय? आन् हिला तरी एवढ्या लांब कुठं जायाचं हुतं? व्हय का न्हाई गं?"

चांगल्या मनानंच म्हणाले ते. आमच्याकडे अशा वेळी मुलीनं काय म्हणायचं हे ठरलेलं आहे. असू दे, मलाही काही एवढं नव्हतं. असं म्हटलं की बापाची मान वर होते, सगळे जीपमध्ये बसतात आणि विषय संपतो. माझ्या आतेबहिणी असं म्हणाल्या होत्या, आईसुद्धा तिच्या वेळी असंच म्हणाली होती. माझ्याही ओठांवर ते आलं होतं. पण मी सकाळीच त्या वर्गात उभी राहून आले होते. तोंडातून निघेना.

"मला जायचं होतं, आप्पा," मी म्हणाले. "लय जायचं होतं."

आणि मी रडायला लागले, मोठ्यानं, रस्त्यावर. एक गाडी वर चढत होती, तिच्यातली माणसं वळून बघत गेली. मेजरनी मान खाली घातली. मला वाटलं आता आप्पा मोडतील, आणि ते मी केलेलं असेल.

आप्पांनी मला रडू दिलं. मग टोपी डोक्यावर घातली.

"असंच म्हण," ते म्हणाले. "घरात, गावात, कुणीबी इचारू दे. आप्पाला जमलं न्हाई असं सांग. पर मला जायाचं नव्हतं, असं कुणाला सांगू नगंस. माझ्यासाठी तर अजिबात नगो."

आष्ट्याला पोचेपर्यंत दिवस मावळला होता. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर आमच्यात जेवत नाहीत, तसे आप्पा त्या रात्री उपाशीच झोपले. पण ते नंतर. त्याआधी दारात आई उभी होती, आणि तिच्यामागे दोन शेजारणी. आईनं माझा चेहरा बघितला आणि सगळ्यांसमोर माझी बाजू सावरून घेत म्हणाली, "असू दे गं. तुला तरी कुठं एवढं जायचं होतं?"

आप्पा माझ्या मागेच होते, चपला काढत. त्यांचा हात थांबला.

"मला जायचं होतं," मी म्हणाले. "आप्पांना जमलं नाही."

"व्हय," आप्पा मागून म्हणाले, आणि चपला काढून आत गेले.